आत निळा, वर पांढरा

नेजिबे रजया शिवायची, आणि जीभही सुईसारखीच चालवायची. अमास्या गावच्या त्या मोहल्ल्यात ती सगळ्यांची हाला, म्हणजे आत्या. तुलायची मात्र सख्खी. यंदा तुलाय मुख्तारपदाला, मोहल्ल्याच्या प्रमुखपदाला, उभी होती. समोर दुर्मुश चाऊश. लष्करातला निवृत्त हवालदार, वर्षानुवर्षं मुख्तार. अजूनही त्याच्यापुढे बाप्ये कोटाची बटणं लावून उभे राहत.

"हाला, तुझं मत पक्कं ना गं?" तुलायने चिडवलं.

"जनरलांना भीक नाही घातली मी, तुझा चाऊश किस झाड की पत्ती!"

शेखी होती, पण फुकाची नव्हती. लष्कराने सत्ता बळकावल्यावर, ब्याऐंशी साली, जनरलांच्या राज्यघटनेवर मतदान झालं होतं. हातात दोन कागद मिळत. पांढरा म्हणजे हो, निळा म्हणजे नाही. पाकीट इतकं पातळ की रंग बाहेर दिसे, आणि पेटीशेजारी बंदूकधारी शिपाई. नेजिबेचा धाकटा भाऊ रिझा, तुलायचा बाप, तेव्हा तुरुंगात मार खात होता. त्याच्यासाठी तिने निळा टाकला. सुटून आल्यावर रिझाने तिचा हात चुंबून कपाळाला लावला. मरेपर्यंत तो हे अभिमानाने सांगत असे.

यंदाच्या मतदानात हव्या त्या उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी पाकिटात घालायची होती. संध्याकाळी शाळेच्या वर्गात सगळ्यांसमोर पाकिटं उघडली. एकातून दोन चिठ्ठ्या निघाल्या: वर चाऊशच्या नावाची, आत घडी घातलेली तुलायची. मत बाद झालं. शेवटी दोघांना सारखी मतं पडली, नावं टाकून एक उचललं, आणि ते चाऊशचं निघालं.

"कोण हा दीडशहाणा?" घरी येताना तुलाय धुमसत होती. "दोन चिठ्ठ्या घातल्या की मत बाद, शेंबड्या पोरालाही कळतं!"

नेजिबे थबकली. "बाद? म्हणजे आतली मोजतच नाहीत?"

"कशी मोजतील?"

"अगं, वरची नुसती खोळ होती. बाहेरून दिसू नये म्हणून."

तुलाय बघतच राहिली. "हाला! पाकिटं आता जाडजूड असतात!"

"असतील. माझी रीत तीच, पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?"

"निळ्यावर पांढरा गुंडाळला होता."

निवडणूक गेल्याचं दुःख होतंच, पण आता नेजिबेला गेलेल्या भावाच्या आठवणीने स्वतःची लाज वाटली. तिने उजवा हात शालीखाली लपवला.

"रिझाने उगाच चुंबला गं हा," ती म्हणाली.