आतून गुळगुळीत

भाऊजी गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघांनी हळूच विचारलंत, "आजी, बंदूकआजोबांची बंदूक आता कुणाकडे?" बाळांनो, त्यांच्याकडे बंदूक नव्हतीच. जुन्या लष्करी बंदुका विकत घेण्याआधी लोक त्यांना दाखवून घ्यायचे, म्हणून सगळ्या पेठेनं त्यांना ते नाव दिलं होतं. स्वतःची मात्र एकही नव्हती. का नव्हती, ते आज लिहिते.

माझे हे धाकटे दीर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभे राहून आयुष्य काढलेले. हौस एकच... इंग्रज पलटणीतली खरी रायफल आपल्या भिंतीवर असावी. नव्वदच्या दशकात परवाना हातात आला, आणि गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात तशी रायफल आहे असं कळलं. "वहिनी, चला. बंदुकीवरच्या ठशांचं इंग्रजी तुम्ही वाचा," म्हणाले. मी भिंग घेऊन निघाले.

घर अक्काताई नावाच्या बाईंचं. बंदूक चुलीवर टांगलेली, धुरानं काळीकुट्ट. त्या भागातल्या पावसात लोखंड टिकायचं तर धूरच हवा. अक्काताईंनी ती लांबूनच दाखवली. "पावणं, घिऊन जावा ही अवदसा. आमच्या पणज्यानं गोऱ्याला मारून आणलीया. त्याचा तळतळाट हाय घरावर. सुनंची दोन पोरं पोटातच गेली. आता तिसऱ्यांदा दिवस हायत. त्याच्या आत ही घराभाईर जाऊ द्या." दाराआड सून उभी होती, पोटावर हात ठेवून.

भाऊजींनी आधी हात लावला नाही, नुसती पाहिली. मग खाली उतरवून लोखंडी गज नळीत सोडला, बाहेर काढून नळीशेजारी धरला. आत जुना बार ठासलेला राहिला असेल, तर गज तेवढा कमी जातो. गज पुरता गेला. मग दस्त्याचं लाकूड आणि लोखंड एकमेकांत नीट बसलंय का, स्क्रूंच्या खाचा स्क्रूड्रायव्हरनं फाटल्यात का, घोडा आणि नळी एकाच वयाची आहेत का, असं सावकाश पाहिलं. मी काजळी पुसून ठसा वाचला. मुकुट होता, खाली इंग्रजी अक्षरं होती. "भाऊजी, इंग्रजांचीच!" मी जवळजवळ ओरडले. त्यांचा चेहरा असा उजळला, की इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी नळीच्या तोंडात करंगळी घातली. फिरवली. पुन्हा फिरवली... आणि तशीच ठेवून बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"वहिनी, आतून गुळगुळीत आहे."

मग अक्काताईंकडे वळून म्हणाले, "ही गोऱ्याची न्हाय, अक्का. गोऱ्याच्या रायफलीत आतनं पिळाच्या खाचा असत्यात, गोळी लांब आन् सरळ जायला. सत्तावन्नच्या बंडानंतर आपल्या शिपायांवर त्यांचा भरवसा ऱ्हायला न्हाय. म्हणून भाईरनं तशीच, पर आतनं साधी नळी दिऊ लागले. ही तसली हाय. कुणाला मारून आणल्याली न्हाय. तुमच्या पणज्यालाच पलटणीत मिळाल्याली असणार."

"व्हय? मग मेलेला गोरा?"

"कुठला गोरा घिऊन बसलाय? पणज्यानं थाप मारली आसंल की बायकोला!"

दाराआडून सून खुदकन हसली. अक्काताई उठल्या, पहिल्यांदाच बंदुकीला हात लावला आणि पदरानं ती पुसू लागल्या. भाऊजी गप्प राहिले असते, तर ती त्या संध्याकाळी आमच्या घरी आली असती. एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटलं, "दुसरी मिळेल." म्हणाले, "मिळेल की." पुढे मिळाल्याही, पण त्यांनी कुठलीच घेतली नाही; म्हणायचे, ज्या घरची बंदूक त्याच घरी बरी.

सुनेला मुलगी झाली. त्यात बंदुकीचा काही संबंध नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. पण ते महिने तिनं निर्धास्त झोपून काढले, ते भाऊजींमुळे.

पुढे त्या घरात गॅस आला, धूर गेला. मग गंजाच्या काळजीनं भाऊजी दर खंडेनवमीला तेलाची बाटली घेऊन जाऊ लागले. यंदा त्यांच्या जागी मी गेले. सुनेनं मला पाटावर बसवलं आणि बंदुकीला तेल स्वतःच दिलं, अगदी शिकवल्यासारखं. उरलेल्या तेलाची चिंधी घेऊन ती दाराकडे गेली आणि बिजागऱ्या पुसू लागली.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"तेल उरलं की बंदूकआजोबा ते दाराला लावायचे," ती म्हणाली.

अक्काताई हसल्या. "पैलं आमच्या दाराची करकर ईस घरं ऐकायची. पावण्यानी पार गप करून टाकलं बघा."

निघताना मी दार ओढून घेतलं. जरासुद्धा वाजलं नाही.