अण्णांची दाढ आणि माझी डॉक्टरकी

मी आयुष्यात फक्त दोन रोगी बरे केले, आणि दोन्ही वेळा मी स्वतः बेशुद्ध होतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव जळकोट, सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या सडकेवरचं. सडकेवरून मोटारी जायच्या, टांगे जायचे, टोपीवाले साहेब जायचे. पण डॉक्टर म्हणून कुणी आमच्या गावात कधी उतरला नाही. होते ते हकीमचाचा. त्यांच्याकडे एक काळी बरणी होती पोटासाठी आणि एक तांबडी होती डोक्यासाठी. दोन्हींनी गुण आला नाही तर चाचा रोग्याच्या तळहातावर बडीशेप ठेवायचे आणि दुवा द्यायचे. गाव त्यावर चाललं होतं.

पण माझे वडील, म्हणजे अण्णा, त्यावर समाधानी नव्हते. अण्णांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ पटकीच्या साथीत गेला होता. बैलगाडीत घालून सोलापूरला नेताना वाटेतच गेला. अण्णा त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, पण गावात डॉक्टर आणायचा आणि तो आपल्या घरातूनच द्यायचा, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं. आता घरात शिकणारा मुलगा एकच, तो म्हणजे मी. आणि मला रक्त पाहिलं की भोवळ यायची!

गुलबर्ग्याला इंटर करताना बेडूक कापायची वेळ आली, तेव्हा माझा जोडीदार बेडूक कापायचा आणि मी डोळे मिटून बाहेर उभा राहायचो. मग आत येऊन आकृती काढायचो. (आमच्या मास्तरांचं मत असं, की इतका गोल बेडूक त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.) माझा जीव होता गणितावर. एखादं उदाहरण सुटेना म्हणजे मला जेवण गोड लागायचं नाही, आणि सुटलं म्हणजे मी जेवायचंच विसरायचो. म्हणून हैदराबादला मी गपचूप दोन्हीकडे अर्ज केला: वैद्यकीला अण्णांसाठी, गणिताला माझ्यासाठी. माझा हिशोब असा की वैद्यकीला नंबर लागणार नाही, अण्णा आठवडाभर हळहळतील आणि मी सुखानं गणित शिकेन. माझ्या आयुष्यातला हा पहिला चुकलेला हिशोब.

वैद्यकीच्या फळ्यावर माझं नाव लागलं! मी तिथंच मटकन खाली बसलो. शेजारच्या मुलाला वाटलं, आनंदानं. तो मला पाणी पाजू लागला. मी उठलो तो थेट कचेरीत गेलो आणि विषय बदलता येईल का विचारलं. कारकून म्हणाला, "बदलता येईल, पण वर्ग सुरू व्हायच्या आत. आणि वालिदसाहेबांनी स्वतः इथं येऊन सांगितलं पाहिजे." म्हणजे अण्णांनी हैदराबादला यायचं आणि आपल्या तोंडानं म्हणायचं, की माझ्या मुलाला डॉक्टर करू नका! त्यापेक्षा बेडूक परवडला.

तरीही मी मनाचा हिय्या केला. मोटारीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकायचं, असं घोकत जळकोटला आलो. उतरलो तर समोर हलगी! अण्णा पुढं, आई मागं, निम्मं गाव आजूबाजूला. कुणीतरी अणदूरच्या खंडोबाचा भंडारा माझ्यावर असा उधळला, की मी नखशिखान्त पिवळा झालो. माझ्या आधी ही बातमी गावात पोचवली होती कुणी? तर त्या पाणी पाजणाऱ्या मुलानं! त्याचा मामा आधीच्या मोटारीचा ड्रायव्हर निघाला.

"अण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय," मी भंडारा थुंकत म्हणालो.

"बोल की! पर आधी पाटलाला बघ," अण्णा म्हणाले. "बिचारा सकाळपास्नं बसलाय."

तुम्हाला वाटेल, अजून कॉलेजची पायरी न चढलेल्या मुलाकडे रोगी कसा येईल? पण आमच्या गावाची समजूत वेगळी. शिकून येतो तो हुशारपणा; हातगुण उपजत असतो. आणि हातगुण नवा असतो तेव्हाच त्याला जोर असतो, नंतर गर्दीत तो वाटला जातो! म्हणून पहिल्या धारेचा हातगुण पदरात पाडून घ्यायला पाटील आमच्या ओट्यावर पालथे पडले होते. त्यांच्या पाठीवर लिंबाएवढं गळू होतं.

"नुसता हात लाव डाक्टर," पाटील म्हणाले. "बाकी म्या सोसतो."

मी डोळे किलकिले करून बोट पुढं केलं. गळवाच्या टोकाला रक्ताचा एक ठिपका दिसला. एवढंच मला आठवतं. पुढचं मला आईनं सांगितलं. मी कलंडलो तो थेट पाटलांच्या पाठीवर, कोपर पुढं करून! पाटील जे ओरडले ते म्हणे सडकेपलीकडं ऐकू गेलं. आणि गळू फुटून मोकळं झालं! मी शुद्धीवर आलो तेव्हा पाटील मांडी घालून बसले होते, गूळ-शेंगदाणे खात होते आणि गावाला सांगत होते, "आरं, आठ दिस पाठ टेकली न्हवती! पोरानं माजं दुखणं आपल्या अंगावर घ्येतलं बगा. म्हनून पडला त्यो."

झालं! त्या दिवसापासून मी रोग्याचं दुखणं अंगावर घेणारा डॉक्टर झालो. असं देवाघरची माणसं करतात, हे गावाला माहीत होतं. डॉक्टरनं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"अण्णा, मला भोवळ आली होती," मी जीव तोडून सांगितलं. "मला गणित शिकायचंय. मला रक्त बघवत नाही. मी डॉक्टर कसा होणार?"

"व्हय, व्हय," अण्णा कौतुकानं म्हणाले. "दुसऱ्याचं दुखणं बगवत न्हाय त्यालाच तर डाक्टर म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी धोंडिबा धनगर आला. त्याला उसण भरली होती. माणूस मध्येच दुमडलेला, नजर जमिनीवर. मला हायसं वाटलं. उसणीत रक्त नसतं! मी जरा ऐटीतच पुढं झालो. तेवढ्यात धोंडिबा म्हणाला, "आन डाक्टर, वाकलोच हाय तर ह्ये बी बघून टाका," आणि त्यानं पायावरचं फडकं सोडलं. कुत्र्यानं चांगला लचका तोडला होता.

माझा उलट्या बाजूला झोक जाताना पाहून धोंडिबा कळवळला. मला धरायला तो दुमडलेला माणूस ताडकन उसळला, पाठीत कट्‌कन आवाज झाला, आणि उसण गेली! मी ओट्यावर आडवा आणि धोंडिबा माझ्या उशाशी ताठ उभा, असं दृश्य सगळ्या आळीनं पाहिलं. (पायाला पुढं हकीमचाचांनीच औषध लावलं. त्याची कुणी वाच्यता केली नाही.)

मग आमच्या ओट्यावर जागा पुरेना. कुणी कान घेऊन येई, कुणी गुडघा. ज्यांची दुखणी तेवढी तातडीची नव्हती त्यांनी ती माझ्यासाठी राखून ठेवली. शेजारची काशीकाकू म्हणाली, "माजा मोतीबिंदू तुजा हाय रे लेकरा. तू शिकून ये, तवर म्या आंधळी बसते." मला रडूच कोसळलं. लोकांना वाटलं, मी तिचे डोळे अंगावर घेतोय. वर्ग सुरू व्हायचे दिवस जवळ येत चालले होते आणि मी अण्णांना पुन्हा सांगायला तोंड उघडलं, की अण्णा समोर नवा रोगी आणून बसवत होते.

शेवटी मी हकीमचाचांकडे गेलो. ते दुकानात एकटेच माश्या हाकत बसले होते.

"आव, डाक्टरसाब," चाचा म्हणाले. "मेरे सारे मरीज तुम्हारे वास्ते रुके हैं. पाच साल रुकेंगे बोलते! पाच साल मैं क्या करूं? बडीशेप मैं खुद खाऊं?"

मी सगळं सांगितलं. गणित, भोवळ, वालिदसाहेबांची अट, सगळं. शेवटी म्हणालो, "चाचा, अण्णांचं मन मोडवत नाही हो. पण मी डॉक्टर झालो तर कुणीतरी मरेल, आणि बहुतेक मीच."

चाचांनी माश्या हाकायचं थांबवलं. मग म्हणाले, "तुम्हारे बाप को, नारायण को मैं बचपन से जानता. सांगून ऐकणारा माणूस नव्हे तो. उसको कुछ होना पडता."

आणि दोनच दिवसांत अण्णांची दाढ ठणकू लागली! (यात चाचांचा हात नव्हता. मी नंतर त्यांना शपथेवर विचारलं.) दाढ अशी ठणकली, की अण्णा कापडाचे तागे गिऱ्हाइकाच्या अंगावर फेकू लागले. गाल फुगला. उपरणं गालाला बांधून ते तडक हकीमचाचांकडे निघाले. मीही मागोमाग.

"हकीमसाब, उपटा लौकर!" अण्णा विव्हळले.

चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "तोबा, तोबा! घर में डाक्टर और मैं हात लगाऊं? गाव क्या बोलेगा? नारायण, मैं पुराना आदमी. तुम्हारा बेटा है ना! पाटील को अच्छा किया, धोंडिबा को किया. बाप को नक्को क्या?"

गाव तोवर जमलंच होतं. "व्हय की!" पाटील म्हणाले. "अण्णा, डाक्टर घरचा असताना लाजता कशापायी? पडू द्या त्याला!"

तोंडातून शब्द निघायच्या आत अण्णांना आमच्या ओट्यावर आणून बसवलं. आईनं चुलीपुढची सांडशी धुऊन माझ्या हातात दिली. कुणीतरी मी पडेन त्या जागी आधीच घोंगडं अंथरलं. धोंडिबा मला झेलायला मागं उभा राहिला. मी अण्णांसमोर उकिडवा बसलो. "अण्णा, आ करा," मी म्हणालो. सांडशी माझ्या हातात टाळासारखी वाजत होती.

अण्णांनी आ केला. मी आत पाहिलं. अण्णांनी मला पाहिलं. मी पांढराफटक पडलो, डोळे फिरू लागले, सांडशी अण्णांच्या नाकाच्या दिशेनं झुकू लागली. आणि माझ्या कोपरानं पाटलांची पाठ कशी फोडली होती, ते अण्णांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं असावं. त्यांनी खटकन तोंड मिटलं आणि माझं मनगट धरलं.

"लेका," फुगल्या गालातून अण्णा म्हणाले, "तू काय शिकायचं म्हनत हुतास?"

"गणित."

"त्यात हत्यार लागतंय?"

"नाही अण्णा. खडू."

"मग त्येच शीक! आत्ताच्या आत्ता शीक!"

गाव हळहळलं. पाटील तर चिडलेच. "अण्णा, येवढा हातगुणाचा पोरगा, आन सोडता?"

अण्णा उठून उभे राहिले. "आरं, आपला खंडोबा दरसाल अणदूर सोडून नळदुर्गाला ऱ्हायला जातो, त्येला कुनी इचारतंय का? माज्या पोरानं नुसता इषय बदलला."

"पर त्यो देव परत येतोय की अणदूरला!"

"ह्यो न्हाय येनार," अण्णा म्हणाले आणि गाल धरून आत गेले.

आत जाऊन मी पाहिलं तर ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं, दाढ. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "धाकट्याला गाडीत घातलं हुतं ना, तवा वाटभर म्हनत हुता, दादा, डाक्टर आला का? दादा, डाक्टर आला का?" मी त्यांचे पाय धरले. मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. तरी मी "होतो डॉक्टर" असं काही म्हणालो नाही, कारण ते खोटं झालं असतं, हे आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

मी कचेरीची अट सांगितली आणि अण्णांनी शब्द पाळला. दाढेसकट हैदराबादला आले. कचेरीतला कारकून चकित झाला. "लोग यहां दाखले के लिये रोते हैं, और आप छोडने आये हैं? वजह?"

अण्णांनी उपरणं सोडून आ केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"बस, बस! समझ गया," कारकून म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

मोकळ्या झालेल्या जागेसाठी पुढचं नाव पुकारलं गेलं. बाकावर बसलेला एक किडकिडीत मुलगा धडपडत उठला. बिदरकडचा युसुफ. जागा मिळायची आशा सोडून तो परत जायला निघाला होता, बिछाना बांधलेला शेजारीच होता. त्याला काही सुधरेना, तो अण्णांचे हात धरून रडायलाच लागला. मीही रडायला लागलो. अण्णांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि युसुफला म्हणाले, "अब तुम डाक्टर हुए ना? तो ये दाढ जरा देखो." शिक्का मारून मिनिटही झालं नव्हतं!

युसुफनं डोळे पुसले, अण्णांची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि शांतपणे आत पाहिलं. तो पडला नाही. त्याचा रंगही बदलला नाही. "चाचा, निकालनी पडेगी," तो म्हणाला, आणि बिछाना तिथंच टाकून अण्णांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. दाढ काढून होईपर्यंत अण्णांनी त्याचा हात सोडला नव्हता. बाहेर आल्यावर तोंडात कापूस असताना अण्णा त्याला म्हणाले, "हमारे गाव जळकोट को आना, डाक्टर. सडक पर है."

असं सगळेच म्हणतात आणि सगळेच "जरूर" म्हणतात. पण मधल्या काळात राज्य बदललं, झेंडा बदलला, आणि एके दुपारी जळकोटला मोटारीतून लोखंडी पेटी घेऊन डॉक्टर युसुफ उतरला. तो आमच्याच घरी राहिला, आमच्याच ओट्यावर त्यानं दवाखाना थाटला. काशीकाकूला त्यानं स्वतः सोलापूरला नेऊन डोळे करून आणले. त्या दिवशी अण्णांनी त्याला जवळ घेतलं आणि ते पोटभर रडले.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कुणी कधी विचारतं, "गुरुजी, गावासाठी तुम्ही काय केलंत?" मी ताठ मानेनं सांगतो: मी डॉक्टर झालो नाही!