जरबेराची सोयरीक

फुलांना लेकरं व्हावीत म्हणून जिवाला घोर लावून घेणारा माणूस साऱ्या वडवणी तालुक्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या सासूबाईंच्या बहिणीचा नवरा आहे. त्यांना मी काका म्हणते. त्यांच्या पॉलिहाऊसमधली जरबेराची फुलं रोज सकाळी मी काढायचे. तिथली सगळी रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढून ट्रेमधून आलेली. कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही, काकांना वाटायचं. "बी न्हाई, पेरणी न्हाई, मग हे झाड आलं कुठून?" असं ते मला विचारायचे.

आत ना वारा, ना मधमाशी. म्हणून यंदा त्यांनी सोयरीक स्वतःच जुळवायची ठरवली. मेंढपाळाकडून लोकरीचा पुंजका आणून काडीला बांधला आणि लाल फुलावरचे परागकण पिवळ्या फुलावर लावत फिरू लागले. मला समजावून सांगायचे, "सूनबाई, या बाहीरच्या पाकळ्या नुसत्या बायका. आत हायेत ते गडी बी अन् बाया बी." मी मान खाली घालून ठिबकच्या नळीकडे बघत राहायचे. मग काका स्वतःच गोंधळायचे. "म्हंजी वरपक्ष लालकडचा का पिवळ्याकडचा?" सोयरीक जुळली की पिवळ्या फुलाच्या देठाला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचे. पिवळ्या पाकळ्यांखालचा पिवळा दोरा मला दिसलाच नाही. पहिलीच नवरी मी रोजच्यासारखी देठ बुडाशी पिरगाळून तोडली आणि बाजाराच्या खोक्यात भरली. काका रागावले नाहीत. "गेली सासरी," एवढंच म्हणाले, आणि दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोरा काळा आला.

त्यांच्या मुलाला जरबेरा उपटून शिमला मिरची लावायची होती. तो म्हणाला, "बाबा, लग्नात आता प्लॅस्टिकची फुलं लावतेत लोक. तुमचं एक बी उगवलं तर एक वाफा ठेवतो तुमच्यासाठी. न्हाई उगवलं तर दसऱ्याला सगळं साफ."

फुलं वाळून कापसाचे गोंडे झाले तेव्हा काकांनी सदऱ्याच्या खिशात बी जमवलं. निम्मं पोचट निघालं. उरलेल्यातलं बरंचसं, ट्रेला हळदकुंकू वाहून, ज्वारी पेरावी तसं बोटभर खोल गाडलं. काहीच आलं नाही. मग रोपवाटिकेतल्या माणसानं फोनवर सांगितलं की या बियाला उजेड लागतो, बियाची केसाळ शेपटी वर ठेवून नुसतं टोचा, झाकू नका. काका हबकले. "बी उघडं ठिवायचं? त्याला लाज वाटंल की." तरी शेवटच्या अकरा बिया त्यांनी तशाच टोचल्या. त्यानंतर आत जाताना दारातच खोकायचे, बियांना आधी कळावं म्हणून.

दसऱ्याला चार दिवस असताना ट्रेच्या एका खळग्यात दोन हिरवी पानं दिसली.

"तण हाय ते," मुलगा म्हणाला.

"नात हाय माझी," काका म्हणाले.

मग दोघंही माझ्याकडे वळले, आणि मुलगा म्हणाला, "वहिनी, तुमचा जलम खुरपण्यात गेला. तुमीच सांगा."

मला घरात भाजी कोणती करायची तेही कुणी विचारत नाही. पिकातलं तण माझ्या हाताला न बघता कळतं, पण इतक्या लाडानं वाढवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा पुन्हा वाकून बघितलं. एकदा वाटलं जरबेरा, एकदा वाटलं रानमाठाचं तण. शेवटी म्हणाले, "अजून दोन पानं येऊ द्या."

दसरा झाला. बाकीच्या वाफ्यांतला जरबेरा उपटला, मिरची लागली. एक वाफा अजून तसाच आहे, त्या पानांची वाट बघत. काल तिसरं पान आलं. "काय वाटतंय?" काकांनी हळूच विचारलं. मला खरंच कळत नाही, आणि तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "मला बी न्हाई कळत," आणि खोकत आत गेले.

आज कांद्यात खुरपायला बसले, तर प्रत्येक कोंबापाशी हात थांबायला लागला. हा कुणी टोचला असेल? कुणी खोकत येऊन याला बघून जात असेल? ओळीतल्या बाया पुढे निघून गेल्या आणि मी मागेच राहिले.