भट्टीचं तोंड

एकदा पेटवला की दिवसभर घर उबदार ठेवणारा विटांचा हीटर आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या घरात एक काका बांधत होते. गल्लीतलेच, निवृत्त इंजिनिअर. प्रत्येक वीट कानाशी धरून टिचकी मारायचे, मगच लावायचे. कशालाही उत्तर एकच: "बरं."

हीटरमध्ये पाव भाजायची भट्टी हवी, हा माझ्या नवऱ्याचा हट्ट. काम अर्ध्यावर असताना तो गेला. महिन्याने मी म्हटलं, "काका, भट्टी कॅन्सल करू. मला पाव भाजता येत नाही आणि खायलाही कोणी नाही. तिथे सरळ भिंत घ्या."

"बरं, पोरी."

आणि ते भट्टीची कमान चढवत राहिले. चौथ्या दिवशी मी चिडले. "तुम्ही ऐकत का नाही?"

"ऐकतोय की. भिंत मागाहून एका दुपारीत घालता येते. कमान नाही घालता येत."

शेवटच्या दिवशी भट्टीचं तोंड बुजेल एवढ्या विटा त्यांनी शेजारी रचून ठेवल्या. "सांगशील तेव्हा लावतो."

मी चिडावं की आभार मानावेत, अजून कळत नाही. रोज त्यांना फोन लावते आणि "जेवलात का?" एवढंच विचारून ठेवून देते.