न भरलेली भरली मिरची

आमच्या भावोजींशी वाद घालून जिंकलेला माणूस अंबरनाथपासून कर्जतपर्यंत तरी माझ्या पाहण्यात नाही. कर्जतच्या पुढे कुणी असलाच तर तो त्यांचा सख्खा भाऊ असणार. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजून पाहायचे आणि ज्यात केसाएवढी चूक असेल त्यावर तांबड्या खडूने फुली मारायची, एवढ्यासाठीच देवाने त्यांना जन्माला घातलं होतं. पंचाईत अशी, की संध्याकाळचा भोंगा झाला तरी त्यांची तपासणी थांबायची नाही. खडू खिशातच असायचा. डगमगणाऱ्या पाटावर फुली, न लागणाऱ्या कडीवर फुली. एकदा शेजाऱ्यांनी मुलाच्या मुंजीची पत्रिका मोठ्या हौसेने आणून दिली, तर तिच्यातल्या चुकांवर त्यांच्यादेखत फुल्या मारून भावोजींनी ती परत केली आणि वर म्हणाले, "बाकी छपाई बरी आहे." मुंजीला मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर होते आणि पंगतीत वाढायलाही उभे राहिले. मुंज झाली, पण त्यांनी वाढलेल्या जिलब्या सगळ्या सारख्या आकाराच्या का नव्हत्या याचा खुलासा आचाऱ्याला करावा लागला.

त्यांचा दुसरा हट्ट एका भांड्याचा. लग्नानंतर ताई-भावोजींचं बिऱ्हाड बदलापूरला मांजर्लीत होतं. एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली आणि निम्मी भांडी घेऊन गेली. एक मोठं पितळी पातेलं तेवढं कुंपणात अडकून राहिलं. दुसरा कुणी असता तर गेलेल्या भांड्यांसाठी हळहळला असता. भावोजींनी त्यातून सिद्धान्त काढला, की नदीने जे ठेवलं तेवढंच माणसाला लागतं आणि बाकी सगळी नुसती मांडामांड. पुढे अंबरनाथला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, ताईने हळूहळू पुन्हा संसार जमवला, पण रविवारी चुलीचा ताबा भावोजींकडे असायचा आणि त्या दिवशी जे काही शिजेल ते त्या एका पातेल्यात शिजायचं. डाळ, तांदूळ, वांगी, शेवग्याच्या शेंगा, सगळं एकत्र. एकदा तर त्यांनी चहाच्या पाण्यातच बटाटे उकडले. विस्तव एक, पाणी एक, मग कामं दोन का होऊ नयेत, असा त्यांचा सवाल होता. चहाला मातीचा वास आला आणि बटाटे तपकिरी झाले. आम्ही कप खाली ठेवल्यावर केवळ तत्त्वासाठी त्यांनी तो चहा सगळ्यांच्या वाट्याचा प्यायला, आणि रात्रभर त्यांना झोप आली नाही.

त्रेपन्न सालच्या सुमाराला मला त्याच कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. एकट्या माणसाला क्वार्टर मिळेना, म्हणून मी ताईकडे उतरलो. वडील जाऊन वर्ष झालं होतं, कोकणातल्या घरात आई एकटीच, तेव्हा तिलाही बरोबर आणलं. आई आली, पण एका अटीवर. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापांनी जेवू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. ताईची पाठवणी करताना आई हसत म्हणाली होती, की नातवंडाचं तोंड बघेन आणि मगच तुझ्या हातचं जेवेन. त्या दिवशी सगळे हसले होते. मग वर्षांमागून वर्षं गेली. नातवंड आलं नाही आणि आई आपल्या शब्दावरून हलली नाही. क्वार्टरच्या मागच्या पडवीत तिने स्वतःची चूल मांडली. शिधा मी आणलेला, पाणी मी सार्वजनिक नळावरून भरलेलं. ताईच्या माठातला घोटसुद्धा तिला चालायचा नाही. स्वयंपाकघरात ताई, पडवीत आई, मध्ये एक उंबरठा, आणि दोघी मायलेकी दोन चुलींवर दोन भात शिजवायच्या.

त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण ताईला ते रोज दोन वेळा डोळ्यांसमोर दिसायचं. मूल नाही हे शेजारणी आडून बोलायच्या. आईची चूल ते उघडपणे बोलायची. आणि आईची अडचण वेगळीच होती, ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. लेकीकडे पान मांडून बसलं म्हणजे आता काही व्हायचं नाही असं आपणच कबूल केलं, असं तिला वाटायचं. ती लेकीसाठी आशा धरून बसली होती, आणि त्या आशेनेच लेक रोज दुखावली जात होती. भावोजींना हे सगळं कळत होतं. त्यांनी त्याचा उच्चार कधी केला नाही. त्यांनी आपला वाद सुरू केला.

पहिला मुद्दा मालकीचा. क्वार्टर कारखान्याचं आहे, उद्या नोकरी सुटली तर मला परवा बाहेर काढतील, तेव्हा हे लेकीचं घर होतच नाही, असं त्यांनी आईला अर्धा तास समजावलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "घर कारखान्याचं असेल जावईबापू, पण लेक माझी आहे." मग भावोजींनी पातेलं माझ्या नावावर केलं. त्याच्या बुडावर खडूने माझं नाव लिहिलं आणि लेकाच्या भांड्यातलं जेवायला हरकत नाही असा निकाल दिला. पहिल्याच दिवशी चुलीवर नाव जळून गेलं, आणि आता हे कुणाचं म्हणायचं असं आईने विचारलं. शेवटचा उपाय म्हणून एका रविवारी त्यांनी शेगडी, पातेलं, पाट, सगळं उचलून कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला नेलं. ती जागा सरकारची. आई दारापर्यंत आली, तिने तो थाट पाहिला आणि म्हणाली, "मी काय जत्रेला आल्ये, रस्त्यावर बसून जेवायला?" शेवटी ती खिचडी रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी संपवली. भावोजींनी प्रत्येकाला आग्रह करून वाढलं आणि प्रत्येकाला आपला मुद्दाही समजावून सांगितला.

वादाने जमत नाही म्हटल्यावर त्यांनी आईच्या जिभेची चौकशी माझ्याकडे केली. भरली भोपळी मिरची म्हणजे आईचा जीव. भाजलेलं बेसन, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, चिंच-गूळ, काळा मसाला, असं सारण दाबून भरलेली मिरची ती एके काळी भाकरीबरोबर चवीने खायची. पण तिचे दात गेले होते, कवळीचं नाव काढलेलं तिला खपायचं नाही, आणि मिरचीची साल हिरड्यांना दाद देईना. ती आपली मऊ भात आणि ताकावर आली होती. हे ऐकलं मात्र, भावोजींनी सायकल काढली आणि भोपळ्या मिरच्यांसाठी थेट उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला बाजार गाठला.

तिथे एक म्हातारा सिंधी भाजीवाला पोत्यावर बसायचा. भावोजींनी वाकड्या मिरच्या बाजूला काढायच्या आणि म्हाताऱ्याने त्याच उचलून परत तागडीत टाकायच्या, असा दोघांचा दर रविवारचा परिपाठ पडला. सासूबाईंना दात नाहीत, मिरची तर भरलेलीच हवी, ही अडचण भावोजींनी त्याला सांगितली तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, "भरने की क्या मुसीबत है, साईं? बेसन भूनो, पानी डालो, मिर्ची काट के उसी में छोड़ दो. पेट में जाके सब एक ही है." त्याच्या घरची कढी अशीच व्हायची. भावोजींनी दुसऱ्याचं म्हणणं मुकाट्याने मान्य केलेलं मी ऐकलं ते एवढंच. घरी येईपर्यंत ते म्हणणं त्यांचं स्वतःचं झालं होतं, हा भाग निराळा.

मग दर रविवारी त्या पातेल्यात न भरलेली भरली मिरची शिजू लागली. तेलात बेसन भाजायचं, कूट-खोबरं घालायचं, पाणी ओतून चिंच-गूळ, मसाला, मूठभर तांदूळ आणि मिरच्यांचे तुकडे, आणि सगळं गळून एकजीव होईपर्यंत रटरटू द्यायचं. तुकडे सारखे व्हावेत म्हणून ते कारखान्यातली मोजपट्टी घेऊन बसत. पहिल्या खेपेला पाणी एकदम ओतलं आणि बेसनाच्या लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला तांदूळ इतके पडले की पातेलं उलटं केलं तरी आतलं काही हलेना. आई पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायची, पण वासाला भिंत अडवत नाही. थोड्या वेळाने तिकडून आवाज यायचा, "कुणाचं तरी बेसन करपतंय." नाव कुणाचंच घ्यायची नाही. भावोजी घाईने पातेलं उतरवायचे. पुढे पुढे "कुणीतरी चिंच आधी कोळून ठेवावी", "कुणीतरी झाकण काढू नये" अशा सूचना येऊ लागल्या, आणि त्या मुकाट पाळल्या जाऊ लागल्या. पदार्थ सुधारत गेला. दाट, गुळचट-आंबट, कोमट खाल्लं तर घशाखाली आपसूक उतरणारं. आम्ही तिघं वाट्याच्या वाट्या संपवायचो. आई काही उंबरठा ओलांडायची नाही.

अशाच एका रविवारी शेजारी बारसं होतं. ताईने महिनाभर खपून बाळाला झबलं शिवलं होतं. ते घेऊन ती गेली आणि नाव ठेवायच्या आतच परत आली. पाळण्यात बाळाला घालायची तिची पाळी आली तेव्हा शेजारणीच्या सासूने हलकेच बाळ तिच्या हातातून काढून घेतलं होतं. ताई घरात आली, लुगडं न बदलता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. मी जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाली. भावोजी दाराशी उभे राहिले. या माणसाला निदान एखादा मुद्दा सुचेल असं मला वाटत होतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पातेलं चढवलं आणि बेसन भाजायला घेतलं.

त्या दिवशी पडवीतून एकही सूचना आली नाही. आई उंबरठ्याला टेकून स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली होती. भावोजींनी मिरच्या कशातरी वेड्यावाकड्या चिरल्या, मोजपट्टी कोनाड्यातच राहिली. पाणी ओतलं, मीठ घातलं, आणि उकळी येण्याची वाट पाहत ते नुसते पातेल्याकडे बघत राहिले. शिजल्यावर त्यांनी वाटी भरून आत नेली आणि तशीच परत आणली. त्यांचे डोळे भरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

तेव्हा आई उठली. बाहेर जाऊन तिने हात धुतले, पदर खोचला आणि उंबरठा ओलांडून सरळ चुलीपाशी आली. भावोजींच्या हातातून पळी घेतली, पातेलं ढवळलं, थोडं तळहातावर घेऊन चाखलं. आईने जीभ टाळूला लावून क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मीठ विसरलात." मग बरणीतून मूठभर मीठ घेऊन तिने पातेल्यात टाकलं. दोन वाट्या भरल्या आणि त्या घेऊन ती आत गेली. ताई उठून बसली होती. आईच्या हातातल्या दोन वाट्या पाहून तिला काय कळायचं ते कळलं, आणि ती म्हणाली, "आई, अगं तुझा शब्द." आई तिच्याजवळ चटईवर टेकली.

"तुझं मूल यायचं तेव्हा येईल," ती म्हणाली. "माझं मूल इथे उपाशी आहे. जेव बघू."

ताईने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. नंतर आम्ही चौघांनी पहिल्यांदा एका पंगतीत बसून खाल्लं. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ते सार इतकं खारट झालं होतं की जीभ बधिर झाली. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं आणि स्वतः आणखी वाढून घेतलं. आईने वाटी पुसून खाल्ली. संध्याकाळी भावोजी नळावर पातेलं घासत होते तेव्हा मी त्यांना म्हटलं, की मीठ तुम्ही आधीच घातलं होतं ना? "घातलं होतं," ते म्हणाले, "आणि त्या बघत होत्या. चुलीपाशी यायला काही निमित्त नको?" एवढं बोलून ते पुन्हा पातेलं घासू लागले.

पडवीतली चूल दुसऱ्या दिवशी आईनेच मोडली. त्यानंतर ती जितकी वर्षं होती तितकी ताईच्या हातचंच जेवली. ताईला मूल झालं नाही. आई गेली, पुढे भावोजीही गेले, आणि आता इतक्या चुका मोजणारं घरात कुणी नाही, याची मला खंत वाटते. ताई आता बदलापूरला एकटी असते. मी कधीमधी जातो तेव्हा ती हौसेने न भरलेली भरली मिरची करते, आणि ती दर वेळी तोंडात घालवत नाही इतकी खारट असते. म्हातारपणी तिचा अंदाज चुकतो असं मी समजत होतो. मागल्या खेपेला धीर करून म्हटलं, ताई, मीठ जरा जास्त पडतंय गं तुझं. तिने माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

"आईने घातलं होतं तेवढंच घालते मी," ती म्हणाली.