येतानाचा वारा

मुंबईहून न्यूयॉर्क सोळा तास आणि न्यूयॉर्कहून मुंबई साडेचौदा. मोबाईलवर हे वाचून मी चष्मा पुसला. अंतर तेच, मग दीड तास गेला कुठे? असल्या आकड्यांवर माझा आधीच भरवसा नाही. तिथे राहणाऱ्या मुलाला फोन करून विचारलं.

"आई, इकडे येताना वारा समोरून असतो. भारतात येताना तो मागून ढकलतो," तो हसला. "तरी लांबच पडतं गं. यंदाही नाही जमणार."

माणूस लवकर परत यावा म्हणून निघताना हातावर दही घालतात. मी घातलं होतं, त्याला चार वर्षं झाली. दह्यावर माझा राग नाही. संशय आहे तो त्या वाऱ्याचा. चार वर्षं मागून ढकलतोय म्हणे, आणि पोरगा जागचा हलत नाही.