भोंग्यातून सांगितलेला शेवट

नामदेव गेल्याचं कार्ड अमरावतीला माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. कार्ड वाचलं, बाजूला ठेवलं आणि उरलेला गठ्ठा संपवला. त्या दिवशीचे गुण बरोबर दिले की नाही, सांगता येणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी अकोल्यात आम्ही शेजारी होतो. मी मास्तर, तो एका टॉकीजचा जाहिरातवाला. शुक्रवारी सकाळी रहीमभाईंच्या टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगवलेले बोर्ड बांधायचे आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून नामदेवनं जुन्या शहरात गल्लीगल्लीतून ओरडत फिरायचं. रहीमभाई टांगा हाकत आणि त्याच्या विनोदांना सर्वांत आधी हसत. दोघांची जोडी गावाला पाठ होती.

त्या काळात तोंड झाकून फिरणाऱ्या एका घोडेस्वाराचे सिनेमे निघत, वर्षाला साधारण एक. तलवारबाजी, गाणी आणि त्याचा लठ्ठ, भित्रा जोडीदार. पहिले तीन आम्ही इतक्यांदा पाहिले की संवाद आधीच म्हणायचो. चौथा आला तेव्हा गुरुवारी दुपारी रिळं तपासायला तो एकदा चालवला. नामदेवनं मलाही आत घेतलं. यात गाणी जवळजवळ नव्हती. जोडीदार मध्यावरच मरतो, घोडेस्वार फितुराला गळा दाबून मारतो आणि एकटाच निघून जातो.

बाहेर चहाच्या हॉटेलात मी म्हणालो, आता कुठे ही मालिका वयात आली. नामदेवचा चहा तसाच होता. "मास्तर, लोक त्याच्यासंग हसाले येतात. पोरंसोरं घेऊन येतात. त्यायले न सांगता हे दाखवाचं काय?" मी कलेबद्दल बरंच बोललो. हॉटेलातले काही माझ्या बाजूचे झाले, काही त्याच्या. कोणीतरी म्हणालं, मास्तरले मढं दिसल्याबिगर सिनेमा गोड लागत नाही. सगळे हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी नामदेवनं भोंग्यातून शेवटच सांगून टाकला. "या खेपेले जोडीदार मरते, मंडळी. लहान पोरं घरी ठेवा, मोठ्यायनं मन घट्ट करून या." पहिल्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टॉकीजच्या मालकानं असं का झालं ते गावात विचारलं, पण कोणी बोलेना. संध्याकाळी हॉटेलात त्यानं मला गाठलं. म्हणाला, मास्तर, तुम्ही खोटं बोलणार नाही. मी खोटं बोललो नाही. ऐकलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं... खरेपणाचा त्यात काही संबंध नव्हता. गावानं नामदेवचं ऐकलं होतं, माझं नाही, एवढंच मला सहन झालं नव्हतं.

शनिवारी त्याचं काम गेलं. तो सरकी काढायच्या जिनात कापूस उचलायला लागला. टांग्यावर सोबत कोण होतं, याचा त्यानं हिशेब केला आणि चुगली रहीमभाईंनीच केली असं ठरवलं. मला हे तो स्वतः सांगायला आला, माझ्या ओट्यावर बसून. मी ऐकून घेतलं. पुढं माझी अमरावतीला बदली झाली. तो दिवाळीला पत्र लिहायचा, मी उत्तर द्यायचो. दर वेळी लिहावंसं वाटे... आणि मी प्रकृती विचारून सही करी.

कार्ड मिळाल्यावर चार दिवसांनी मी अकोल्याला गेलो आणि त्याच्या बायकोला, शांताबाईंना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "मले काहून सांगून राहिले, भाऊ? त्यायले सांगाचं होतं." मग म्हणाल्या, "रहीमभाई हायेत अजून. तितं जा."

रहीमभाई खाटेवर उन्हाला बसले होते. टांगा कधीच विकला होता. मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर विषय टाळला असता. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझ्यासाठी खाटेवर जागा केली.

"तो मले पाहून गल्ली बदलून घे, मास्तर," ते म्हणाले. "इतके वर्स मी आठवून राहिलो, त्या दिवशी माह्या तोंडून काय निंगालं असन."